न सुटणारी मूठ

३ मार्च, मंगळवार

ही वही कवळ्यांची. कुठल्या डॉक्टरांचं काम, वरची की खालची, कुणाला कुठे टोचली, एवढंच मी हिच्यात लिहिते. आज पहिल्यांदा दादाबद्दल लिहितेय, कारण आता दादा हेसुद्धा एक कामच झालंय. हे वाक्य लिहून झाल्यावर माझी मलाच लाज वाटली, पण खोडत नाही.

सकाळी मी मागच्या खोलीत पॉलिशच्या मोटरवर होते. ती सुरू असली की दारात हत्ती आला तरी कळत नाही. दादा त्याची बॅटरीवर चालणारी चाकांची खुर्ची घेऊन संडासाकडे निघाला आणि पॅसेजच्या मधोमध त्याचा हात चालवायच्या दांडीवरून घसरून मांडीवर पडला. दांडी सुटली की खुर्ची थांबते, तशी ती थांबली. मांडीवर पडलेला हात पुन्हा उचलून दांडीवर ठेवण्याइतकं बळ त्याच्या दंडात उरलेलं नाही. चाळीस मिनिटं तो तिथेच होता. सुरुवातीला हाका मारल्या म्हणे. मी बाहेर आले तेव्हा खुर्चीखाली ओलं होतं आणि दादा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता.

"ये," म्हणाला. "अख्खा महिना पाठ झाला माझा. एकतीस तारखेला पण मंगळवारच आहे."

मी पुसून घेतलं, त्याचे कपडे बदलले आणि मग मागच्या खोलीत जाऊन मोटर चालू करून रडले.

दादा बंदरावर क्रेन चालवायचा, एकतीस वर्षं. वर काचेच्या केबिनमध्ये बसून दोन हातांत दोन दांड्या. घराएवढं खोकं असं अलगद ठेवायचा की खाली उभ्या असलेल्या माणसाच्या कपातला चहा हिंदकळत नसे. हे त्याचंच वाक्य, मी बघायला गेले नव्हते. दोन वर्षांपूर्वी डाव्या हाताची बोटं वळेनाशी झाली. नसांचा आजार निघाला. त्याला औषध नाही, डॉक्टर नुसत्या पुढच्या तारखा देतात. डावा हात गेला, पाय गेले, आता उजव्याची पाळी आहे. लग्न केलं नाही, त्यामुळे माझ्याकडे आला. माझ्याशिवाय आहे कोण त्याला?

हे शाळेतून आल्यावर यांना सगळं सांगितलं. यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "दांडी खुर्चीच्या मागे लावून घेऊ. आपण चालवत जाऊ त्यांना." गणिताच्या मास्तरांना उत्तर नेहमी एका ओळीत सुटतं. दादाच्या खोलीचं दार उघडं होतं, त्याने ऐकलं असणार. माणसाने निदान आवाज तरी खाली घ्यावा.

हॉस्पिटलच्या थेरपिस्ट बाईंना फोन केला. खुर्ची त्यांच्या खात्याची आहे. त्या तीस तारखेला घरी येणार. दादाने स्वतः तीन वळणं घ्यायची, दारातून जायचं आणि सांगितल्या जागी थांबायचं. जमलं तर दांडी त्याच्याकडेच राहील. नाही जमलं तर ती खुर्चीच्या पाठीवर जाईल, मागून चालवणाऱ्याच्या हातात.

दादा ऐकून म्हणाला, "म्हणजे मग मी खोकं."

४ मार्च

दांडीच्या टोकाला लिंबाएवढा रबरी गोळा आहे. बोटं मिटत असतील तरच तो धरता येतो. मूठ वळत नाही, तर दांडीलाच मूठ बनवायची, एवढा साधा विचार मला काल का सुचला नाही कोण जाणे.

सव्वीस वर्षं मी बोळक्या तोंडांत घट्ट बसेल असं काहीतरी बनवतेय. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, मी दात करून भरलंय. हिरड्यांना कुठे बोटं असतात? तरी त्या कवळी धरून ठेवतातच ना. माप बिनचूक पाहिजे, बस.

दादाला सांगितलं तर म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. माझी झाकतच नाही, तिचं काय देतेस?"

"कवळीसारखीच करते. हातात अशी बसेल की हलणार नाही."

"कर बाई. फक्त झोपताना ग्लासात घालून ठेवू नकोस."

७ मार्च, शनिवार

माप घेतलं. तोंडाचं माप घ्यायला आमच्याकडे एक गुलाबी पावडर असते, पेपरमिंटच्या वासाची. पाणी घालून घोटली की दोन मिनिटांत रबरासारखी होते. हाताएवढा ट्रे कुठून आणणार? बिस्किटांचा डबा रिकामा केला. आधी दादाच्या तळहातात मऊ मेणाचा गोळा ठेवला, त्याची बोटं एकेक करून त्यावर मिटवली आणि हात डब्यात बुडवला.

सवयीने मी म्हणून गेले, "हलू नका. नाकाने श्वास घ्या. गिळू नका."

"हाताने?" दादा म्हणाला. दोघंही इतके हसलो की माप बिघडलं, पुन्हा घ्यावं लागलं. हे दारात उभे राहून बघत होते. "चाललंय काय?" म्हणाले आणि गेले. यांना हे सगळं पोरखेळ वाटतं.

दुपारी मापात प्लास्टर ओतलं, घट्ट झाल्यावर फोडून हात बाहेर काढला. आणि मग मी नुसती बसून राहिले. दादाचा हात मी रोज धुते, पुसते, त्याला तेल लावते. पण पांढऱ्या प्लास्टरमध्ये तो टेबलावर समोर आला तेव्हा पहिल्यांदा दिसला. अंगठा आणि पहिल्या बोटामध्ये जिथे मांस असतं तिथे खड्डा आहे. हाताच्या पाठीवर चार हाडं आणि मध्ये चार पन्हळी. अशी हिरडी मी ऐंशीच्या म्हाताऱ्यांची पाहिलीय. दादा एकसष्ट वर्षांचा आहे.

प्लास्टर बघायचंय म्हणाला, तर मी ओलं आहे म्हणून सांगितलं.

११ मार्च

पहिली मूठ फुकट गेली. अ‍ॅक्रिलिकची केली, भरीव. दिसायला झकास, पण तिच्या वजनाने दांडी आपोआप पुढे कलली आणि खुर्ची दादा बसायच्या आधीच एकटी स्वयंपाकघराकडे निघाली. दादा पलंगावरून ओरडला, "अगं धर तिला, माहेरी चालली!"

आतून पोखरून पोकळ केली. माझी सगळ्यात लहान कोरणी त्यात मोडली. दोन डॉक्टरांची कामं पडून आहेत, त्यातल्या एकांनी फोन करून ऐकवलं की त्यांचा रोगी आठ दिवस नुसत्या सुपावर आहे. राहू दे. त्याला निदान चमचा तरी धरता येतो.

१३ मार्च, शुक्रवार

बसली! माझ्या हातून इतकं चांगलं काम कधी झालं नसेल.

आतून मऊ अस्तर दिलंय, दुखऱ्या हिरड्यांना देतो तेच. हाताच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी काठ घेतलाय. हात कडेने सरकवायचा, थोडं दाबायचं, मग टक् असा आवाज येतो आणि हात आत. हा आवाज आला की आमच्या धंद्यात जिंकलो. काढताना मनगट वाकवून बाजूला एक झटका द्यावा लागतो, तो मी देते. दादाने स्वतः काढायचा प्रयत्न केला, निघाला नाही. मी म्हटलं, ही जर वरची कवळी असती ना, तर सफरचंद चावून खाल्लं असतं.

दादा बराच वेळ मुठीकडे बघत राहिला. मग दांडीकडे, मग माझ्याकडे. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी विचारलं, "टोचतंय का कुठे?"

"नाही," म्हणाला. "झकास आहे. सुटता कामा नये बघ, काही झालं तरी."

"माझं काम सुटत नाही," मी म्हटलं.

पॅसेजमध्ये सहा चकरा मारल्या त्याने. दांडी खांद्याने ढकलतो, हात नुसता निरोप्या. शेवटच्या चकरेला माझ्या चपलेला चाक टेकवून थांबला, चप्पल हलली नाही. आणि कपातला चहा मला आठवला.

१५ मार्च, रविवार

दादा एकटा न्हाव्याकडे जाऊन आला. कोपऱ्यावरच तर आहे, पण दोन महिन्यांनी गेला. मी बरोबर यायचं नाही अशी अट होती. मी पिशवी घेऊन शंभर पावलं मागे राहिले, आणि दुकानाबाहेरच्या खांबाआड उभी राहिले. दादा सरळ आरशासमोर जाऊन थांबला, एका दमात. मग न्हाव्याने बाहेर डोकं काढलं. "ताई, आत या. तुमचे दादा म्हणतात, खांब बारीक आहे, तुम्ही दोन्ही बाजूंनी दिसता."

न्हाव्याने दाढी केली, मिशी कोरली. दादा त्याच्याशी फुटबॉलवर भांडला. परत येताना फुटपाथवर एक बाई मोबाईलमध्ये बघत आडवी आली, तर दादाने असं वळण घेतलं की तिला पत्ताही लागला नाही. इतका आनंद मला माझ्या लग्नातसुद्धा झाला नव्हता.

घराखाली आलो तर हे खिडकीत उभे. आमची चूक शोधायलाच उभे असणार. मी वर बघितलं तसे आत गेले. आम्ही लिफ्टपाशी पोचतो तोवर जिन्याचा कठडा घट्ट धरत खाली आले आणि म्हणाले, "पाऊण तास लागला." घड्याळ लावून बसले होते की काय?

मुठीतून काढल्यावर हाताच्या पाठीवर दोन लाल वळ होते. अर्ध्या तासात गेले.

१८ मार्च

दादाला कफ झालाय. छातीत घुरघुरतं. बाकी ठीक. दोन खालच्या कवळ्या देऊन टाकल्या.

२१ मार्च, शनिवार

लिहिते. लिहिल्याशिवाय डोक्यातून जाणार नाही.

सकाळी दहाला हे दाराशी बुटक्या स्टुलावर बसून बुटांच्या नाड्या बांधत होते. दादा बाहेर निघाला होता, पॅसेजमधून येत होता. मी त्याच्या बाजूला, हातात किल्ल्या. त्याला ठसका लागला. ठसका लागला की त्याचं धड पुढे कोसळतं, मानेत नि पाठीत जोरच नाही. धड पुढे गेलं, त्याबरोबर खांदा, खांद्याबरोबर हात. आणि हात मी केलेल्या त्या मुठीत.

खुर्ची थांबली नाही. सव्वाशे किलोंची खुर्ची. तिची पाय ठेवायची लोखंडी पट्टी यांच्या नडगीवर आणि मागे चपलांचं कपाट. "मागे! मागे घ्या!" हे ओरडत होते. दादा खोकत होता, डोळे उघडे, यांच्याकडेच बघत. जुन्या गोळ्यावरून हात केव्हाच घसरला असता आणि खुर्ची जागच्या जागी उभी राहिली असती.

मी काय करायला हवं होतं? बटण दाबायचं. दांडीच्या शेजारी बोटभर अंतरावर लाल बटण आहे. मी दादाचं मनगट धरून ओढत राहिले. घट्ट बसलेलं काही दिसलं की आधी ओढून बघायचं, ही सवय. मी ओढत होते तशी दांडी आणखीच पुढे जात होती. शेवटी यांनीच वाकून हात लांबवला आणि बटण दाबलं.

आपलेच दात नि आपलेच ओठ. बोल तरी कुणाला लावायचा?

नडगी दोन ठिकाणी मोडली. दादाचं मधलं बोट माझ्या ओढण्याने सांध्यातून सरकलं, ते डॉक्टरांनी बसवलं. हॉस्पिटलात पाय प्लास्टरमध्ये घालत होते तेव्हा हे घामाने निथळत होते, आणि तशात मला म्हणाले, "दादांना सांग, नुसता मुरगळलाय. प्लास्टर बघून घाबरतील. म्हण, हल्ली मुरगळला तरी घालतात." मला तेव्हा यांचा रागच आला. खोटं कशाला बोलायचं? इतक्या दिवसांत त्याच्याशी दोन शब्द धड बोलले नाहीत, आणि आता ही माया.

मी घरी आले. शेजारच्या आजी दादापाशी बसल्या होत्या, त्या गेल्या. दादा म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय?"

"ज्या दिवशी तू ती बसवलीस ना, त्याच दिवशी कळलं. हात सुटला की यंत्र थांबलं पाहिजे. क्रेनवर पहिल्या दिवशी हेच शिकवतात. तुला सांगणार होतो. पण मग तू ती काढून घेतली असतीस."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणाले, "नडगी दोन ठिकाणी मोडलीय त्यांची. सहा आठवडे पडून राहणार. झालं समाधान?"

बोलून गेले खरी. पण दादाने मनाला लावून घेतलं नसावं. थोड्या वेळाने चहा मागितला, अर्धा प्यायला आणि म्हणाला, "जावईबापूंच्या वर्गाची चंगळ झाली म्हणायची." तेव्हा मला जरा हलकं वाटलं.

२४ मार्च

थेरपिस्ट बाई आल्या. मला वाटलं खुर्चीच उचलून नेतील. त्यांनी मूठ हातात घेतली, उलटी केली, अस्तरावरून बोट फिरवलं.

"काम सुंदर आहे हो," म्हणाल्या. "पण हात बाहेर कसा येतो?"

"येत नाही," मी म्हटलं. प्रत्येक डॉक्टरला मी हेच छाती फुगवून सांगते. बाईंनी वर माझ्याकडे बघितलं, आणि माझं वाक्य माझ्याच कानात शिरलं. निघू नये असं बनवण्यात सव्वीस वर्षं गेली माझी. निघालं पाहिजे, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

बाईंनी समजावलं. हाताला धरून ठेवायचं नाही, हात नुसता टेकला पाहिजे. माणूस कोलमडला की हात पडला पाहिजे. मग म्हणाल्या, "खरं तर मी आजच दांडी मागे लावायला हवी."

आतल्या खोलीतून यांचा आवाज आला. "तीस तारीख ठरलीय ना? मग तीसपर्यंत थांबा. दादांना जमेल."

मी चाटच पडले. पहिल्या दिवशी दांडी मागे लावा म्हणणारे हेच ना?

दादा भिंतीकडे बघत होता.

२८ मार्च, शनिवार

नवी केली. तिला मूठ म्हणणं चुकीचं, वाटी आहे. उथळ, गुळगुळीत, वर काहीच नाही. फक्त अंगठ्याच्या बाजूला गव्हाच्या दाण्याएवढा उंच काठ, हात टेकायला आधार म्हणून. करंगळीची बाजू पूर्ण मोकळी. बनवताना माझ्या हाताला सारखं चुकल्यासारखं होत होतं, काठ आपोआप उंच व्हायचा आणि मी पुन्हा घासून खाली आणायचे.

आज बारा फेऱ्या झाल्या. अकरा व्यवस्थित. बाराव्या वेळी खोकला आला, हात करंगळीच्या बाजूने घरंगळला आणि खुर्ची जिथल्या तिथे उभी राहिली. मी टाळ्या वाजवल्या. दादाला म्हटलं, "बघ, पडला की थांबली!"

"छान," म्हणाला. आजकाल कमी बोलतो. कफामुळे असेल.

३० मार्च, सोमवार

बाई अकराला आल्या. जमिनीवर चिकटपट्टीच्या तीन खुणा केल्या. पहिलं वळण दादाच्या खोलीतून पॅसेजमध्ये, दुसरं स्वयंपाकघराशी, तिसरं पॅसेजच्या टोकाला, मग बाहेरचं दार. यांना खोलीत राहवेना. कुबड्या घेऊन आले आणि दाराजवळ खुर्ची टाकून बसले, प्लास्टरचा पाय समोरच्या स्टुलावर. "मी बघणार," म्हणाले. "दादा, या सावकाश."

पहिलं वळण सुंदर. दुसरं त्याहून सुंदर, बाईंनी मान डोलावली. मग दादा सरळ पॅसेजमधून दाराकडे येऊ लागला. निम्म्यावर आला आणि हात वाटीतून सुटला. खुर्ची थांबली.

मी हात परत ठेवला. खुर्ची दोन हात पुढे गेली, पुन्हा हात बाहेर. तिसऱ्यांदा बाईंनी स्वतः ठेवला, नीट बघून. पुन्हा तेच. खोकला नाही, ठसका नाही. यांचा पाय अजून चांगला दहा फूट लांब होता.

मी म्हटलं, वाटीचा कोन चुकलाय, मला अर्धा तास द्या, घासून आणते. हे म्हणाले, "बाई, अजून एकदा बघा, परवा अकरा वेळा जमलं होतं." दादा म्हणाला, "राहू दे. मागे लावा, बाई."

पाना आणि चार स्क्रू. वीस मिनिटांचं काम. दादाच्या हातापुढची जागा रिकामी झाली, तिथे बाईंनी उशी ठेवली.

दोष माझाच. अंगाच्या उष्णतेने मेणाचं माप दबलं असेल, किंवा काठ मी जास्तच घासला. शोधून काढीन. बाई म्हणाल्या आहेत, वाटी सुधारली तर पुढच्या महिन्यात पुन्हा बघू.

२ एप्रिल, गुरुवार

आज वाटी तपासली. कवळी कुठे लागते हे बघायला आम्ही निळा कागद वापरतो. मध्ये धरून चावायला सांगायचं, जिथे जास्त दाब असेल तिथे गडद डाग उमटतो. दादा खुर्चीतच झोपला असताना त्याच्या हाताखाली कागद घातला, खालून वाटी दाबली. सगळीकडे सारखा निळा. एकही डाग गडद नाही, एकही जागा कोरी नाही. सव्वीस वर्षांत इतकं एकसारखं बसलेलं काम माझ्या हातून झालेलं नाही.

मग मी वाटी तशीच हातात धरून बसले आणि सोमवारचं आठवून बघितलं. हात घसरला असता तर करंगळीकडे गेला असता, तिकडे मोकळं आहे. शनिवारी तिकडेच गेला होता. सोमवारी तिन्ही वेळा हात अंगठ्याकडून बाहेर आला, काठावरून. काठ चढायचा म्हणजे हात उचलावा लागतो. आणि हात उचलणं हीच तर त्याला सगळ्यात जड गोष्ट आहे. मांडीवर पडलेला हात त्याला चाळीस मिनिटांत उचलता आला नव्हता. त्याच हाताने त्याने तो दाणाभर काठ तीनदा ओलांडला. केवढं बळ लावलं असेल.

तो जागा झाल्यावर मी समोर बसले. म्हटलं, "दादा, वाटीत काही चूक नाही. तू हात उचललास."

त्याने नजर खिडकीकडे वळवली.

"का उचललास? माझ्या त्या बोलण्यामुळे? मी रागात बोलले रे. मला तसं म्हणायचं नव्हतं."

मी रडायला लागले होते. दादा माझ्याकडे बघत होता. मग विचारलं, "जावईबापूंचा पाय कसा आहे?"

"बरा आहे. प्लास्टरच्या आत खाज सुटते म्हणतात."

"तुझी एखादी लांब सळई दे त्यांना खाजवायला," दादा म्हणाला. "आणि मला जरा खिडकीपाशी ने."

मी उठून खुर्चीच्या मागे गेले. दांडी इतकी हलकी आहे की एका बोटाने चालते.